गाडीची डावी बाजू

गाडीचा रंग कंपनीतला आहे की नंतर गॅरेजमध्ये मारलेला, हे पुना पाटील नुसता तळवा फिरवून सांगायचा. कंपनीचा रंग हाताखालून एकसारखा सरकतो. नंतर मारलेल्या रंगात कुठेतरी धुळीचा कण लागतो, रबराच्या कडेला फवारा उडालेला असतो. जळगावात अजिंठा रोडला किरणशेठचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. त्याच्या मागच्या शेडमध्ये पुना सतरा वर्षं गाड्यांना पॉलिश करत होता.

त्याचा हात खरोखरच चांगला होता. जळगावच्या उन्हाने बॉनेट पांढरं पडतं, छपराचा रंग खडूसारखा बोटाला लागतो. केळीच्या बागांतून आलेल्या गाड्यांवर चिकाचे काळे डाग असतात. पुना गाडी धुऊन सावलीत घ्यायचा, रबरांना टेप लावायचा, आधी रबिंग, मग पॉलिश, आणि पत्रा पूर्ण गार झाल्यावर वॅक्स. वॅक्स वीतभर जागेत लावायचं आणि पुसायचं, मगच पुढे सरकायचं, असा त्याचा नेम. दर पॉलिशला रंगाचा थर थोडा झिजतो, म्हणून उगाच घासू नका, असं तो गाडीवाल्यांना सांगायचा. ते हसायचे. त्यांना चमक हवी असायची.

त्या चमकेखाली काय काय झाकलं जातं ते पुनाला माहीत होतं. सुरुवातीला एकदा तो किरणशेठला म्हणाला होता की ही गाडी ठोकलेली आहे, गिऱ्हाइकाला सांगायला हवं. किरणशेठ रागावला नाही. गाडी विकायचं काम आपलं आणि चमकवायचं काम तुझं, एवढंच त्याने समजावलं. त्यानंतर पुनाने कधी काही विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की किरणशेठ त्याला बाहेर बोलवायचा आणि असा हात अख्ख्या खानदेशात नाही म्हणायचा. पुनाला ते आवडायचं.

पुनाला सख्खी अशी एकच, थोरली बहीण लताबाई. आई लवकर गेल्यावर चोपड्याच्या घरात तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. तो तिला अक्का म्हणायचा. ती पारोळ्याजवळ दिली होती, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दरवर्षी माहेरपणाला पुनाच्याच घरी यायची. तिचे यजमान बन्सीलाल यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिस सुरू झालं. परतताना त्यांना एसटीत बसवायचं नाही. दोनदा ते स्टँडवरच कोसळले. तेव्हा लताबाईने ठरवलं की जुनी का होईना, गाडी घ्यायची. मुलगा कुंदन चालवणार होता. गाडी कुठून घ्यायची हा प्रश्नच नव्हता. भाऊ जिथे कामाला आहे तिथूनच.

तिघं आली त्या दिवशी किरणशेठने त्यांना एक चंदेरी गाडी दाखवली. आठच दिवसांपूर्वी ती पुनाच्या शेडमधून निघाली होती. डाव्या बाजूने ती ट्रकखाली जाता जाता राहिली होती. दोन्ही दरवाज्यांच्या मधला खांब ओढून सरळ केलेला, त्यावर खड्डे बुजवायची बोटभर पुट्टी, पुट्टीवर रंग. चेसी, गाडीचा खालचा सांगाडाही वाकलेला असणार, असा पुनाचा अंदाज होता. दोन दिवस खपून त्याने डावी बाजू उजवीसारखी केली होती. स्वतःच लांब उभं राहून पाहिलं तेव्हा त्यालाही फरक दिसला नव्हता.

किरणशेठने त्याला बोलावलं. म्हणाला, "ताई, मी कशाला सांगू? तुमच्या भावालाच विचारा. याच्या हाताखालून गेलेली गाडी आहे."

लताबाई पुनाकडे बघत होती. चारचौघांत भावाचं नाव निघालं म्हणून तिचा चेहरा फुलला होता.

"कशी शे रे पुना?"

पुनाने गाडीकडे पाहिलं. "रंग एकदम चांगला शे अक्का," तो म्हणाला.

तो खोटं बोलला नव्हता. पुढे कित्येक दिवस तो स्वतःला हेच सांगत राहिला. गाडी चालते, धुळ्यापर्यंत तर जायचं आहे, कुंदन सावकाश चालवतो.

चार महिन्यांत गाडीने डाव्या बाजूचे टायर खाल्ले. कुंदनने ते बदलले, ते पुन्हा झिजले. मे महिन्यात धुळ्याहून परतताना फागणे गाव ओलांडल्यावर पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी रस्त्याच्या खाली खडकावर गेली. कुंदन आणि लताबाई खरचटण्यावर निभावले. बन्सीलालांचा डावा हात दरवाज्यात दबला. डायलिसिससाठी शिरा जोडल्या होत्या तोच हात. तो कायमचा बाद झाला आणि पुढे मानेत नळी घालून काम चालवावं लागलं.

धुळ्याच्या मेकॅनिकने कुंदनच्या हातात लोहचुंबक दिला आणि दरवाज्यांमधल्या खांबाला लावायला सांगितला. पुट्टीवर तो चिकटेना, खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

संध्याकाळी लताबाईचा फोन आला. तिने खुशाली विचारली नाही.

"तुले माहीत व्हतं?"

पुना शेडमध्ये उभा होता. हातात वॅक्सचं फडकं होतं. "हा अक्का," तो म्हणाला.

"मी तुनाकडे देखीसन गाडी लिधी व्हती," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुनाने किरणशेठला गाडी परत घ्यायला सांगितलं. किरणशेठ शांतपणे म्हणाला की बहिणीला तूच सांगितलंस ना, मी कुठे काही बोललो. पुनाने काम सोडलं. पण दुसऱ्या दुकानांतही तशाच गाड्या होत्या, आणि स्वतःची नवी गाडी घेऊन येणारे काचेच्या मोठ्या स्टुडिओत कोटिंग करायला जायचे. दीड महिन्याने तो पुन्हा किरणशेठच्या शेडमध्ये आला. किरणशेठने कोपऱ्यातल्या लाल गाडीकडे नुसतं बोट दाखवलं.

मानेतल्या नळीतून इन्फेक्शन झालं आणि दिवाळीनंतर बन्सीलाल गेले. गाडीमुळे गेले असं कोणी म्हणालं नाही. आजारच मोठा होता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंही असेल. पुना पहिल्याच दिवशी गेला. बायकांच्या घोळक्यात लताबाई बसली होती. तिने मान वर करून पाहिलं नाही. मग तो दहाव्याला गेला. मंडळी पांगल्यावर ती ओट्यावर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. लहानपणापासून ती त्याला अरे-तुरेच करत आली होती.

"बठा," ती म्हणाली. "चहा लेतस का तुम्ही?"

पुना नको म्हणाला. तिने आग्रह केला नाही. पाव्हण्यांना पोचवायला कुंदनने रिक्षा सांगितली होती. तीत एक जागा होती, पुना त्या जागेवर बसून पारोळ्याच्या स्टँडवर आला.

पुढच्या आखाजीला पुनाच्या बायकोने अक्काला फोन लावून पाहिला. सांजोऱ्या आदल्या दिवशीच करून ठेवल्या होत्या. फोन कुंदनने उचलला आणि आई झोपली आहे म्हणाला. सकाळचे दहा वाजले होते.