मुठीचं मडकं

देवासची दोन्ही संस्थानं विलीन झाली आणि दरबारचं अन्नछत्र बंद पडलं. दारात येणारी माणसं मात्र थांबली नाहीत. तेव्हा आमच्या मराठी आळीनं ते मुठीवर चालवायचं ठरवलं. घरोघर स्वयंपाकाला बसण्याआधी बाईनं एक मूठ दाणे मडक्यात टाकायचे. दर शनिवारी मी गोणी घेऊन फिरायची आणि मडकी ओतून आणायची. कुणाकडची ज्वारी, कुणाकडचा मका, कुणाकडचे तांदूळ. सगळं एकत्र भरडून मोठ्या पातेल्यात घाटा शिजायचा. हे काम मी दहा वर्षं केलं. लोक त्याबद्दल चांगलं बोलतात, तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं.

माझी जीभ तिखट. अर्धं मडकं दिसलं की मी उंबऱ्यावरच सुनवायची, "घरात चार कमावते आहेत तुमच्या, आणि काकूंचं मडकं बघा!"

काकू आळीच्या टोकाला एका खोलीत एकट्या राहत. यजमान दरबारच्या खासगीत कारकून होते. ते गेल्यावर काकूंना दरबारकडून दरमहा थोडे पैसे, नेमणूक, मिळे, ती विलीनीकरणानंतर थांबली. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. पण त्यांचं मडकं नेहमी शिगोशीग भरलेलं असायचं, आणि शीग दिसली की मला पुढचं काही सुचत नसे. त्यांचं नाव घेऊन मी अख्ख्या आळीला लाजवलं. त्यांना ते ऐकू जात असणार, भिंती काही फार जाड नव्हत्या.

एका वर्षी पाऊस दगा देऊन गेला. पंगत दुप्पट झाली, आळीतली मडकी निम्मी झाली. त्या शनिवारी काकूंचं मडकं उपडं केलं तर वरची दोन मुठी ज्वारी पडली आणि मागोमाग घडी घातलेलं जुन्या लुगड्याचं कापड. शीग दिसावी म्हणून खाली भरलेलं.

माझं डोकंच फिरलं. "काकू, उपाशी माणसांना फसवता? नाही द्यायचं तर नाही म्हणा!" शेजारची दारं उघडली तरी मी थांबले नाही. काकूंनी कापड उचललं, झटकलं आणि म्हणाल्या, "पुढल्या शनिवारी ये."

पुढल्या शनिवारी मडकं भरलेलं होतं. त्याच्या पुढल्याही. दाणे मिसळीचे असत, ज्वारी, मका, मधेच तांदूळ, पण निवडून इतके स्वच्छ की खडा सापडू नये. बोलल्याचा उपयोग झाला म्हणून मी मनात खूश होते. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

पाचव्या शनिवारी भरलेलं मडकं दाराबाहेर होतं आणि काकू आत जमिनीवर पडल्या होत्या. मी पाण्यासाठी भांडं शोधू लागले. फळीवरचे डबे एकूण एक घासून पालथे घातलेले. चुलीत राखसुद्धा नव्हती. शेजारची माळवी बाई दारात येऊन म्हणाली, "बई, काकी तो रोज सुबू मंडी में दाना बीनने जाती थीं. सब तुम्हारे मटके में डालती थीं." बाजारात सांडलेले दाणे वेचून त्या माझं मडकं भरत होत्या.

मी छत्राकडे धावत सुटले. वाडगाभर घाटा आणला, काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. छत्रातलं त्या घेणार नाहीत हे मला कळत होतं, म्हणून म्हटलं, "माझ्या घरचा आहे, काकू."

त्यांनी एक घास घेतला, जिभेवर घोळवला. "घरच्या घाट्यात ज्वारी, मका नि तांदूळ एकत्र कोण घालतं गं?" मग तोंड मिटलं. "आमच्याकडून तिथं जातं. तिथलं आमच्याकडे येत नाही."

मी हात जोडले. चुकले म्हटलं, पाया पडते म्हटलं, रडले. त्या माझ्याकडे रागानं बघत नव्हत्या, हेच मला सहन होईना. घरी जाऊन मऊ भात करून आणला. तोवर त्यांना गिळवत नव्हतं. तांदळाचं पाणी ओठांच्या कडेनं गळत राहिलं, मी पदरानं पुसत राहिले. वैद्य येऊन गेले, मान हलवून.

रविवारी सकाळी त्यांनी विचारलं, "मडकं नेलंस?"

"नेलं," मी म्हटलं. ते दारातच होतं.

दुपारी त्या गेल्या. आळीतल्या पुरुषांनी पुढचं सगळं केलं.

सोमवारी छत्रात पंगत बसली होती. स्वयंपाक करणारे महाराज रिकामी गोणी झटकत म्हणाले, "दाणो खूट ग्यो, बई." ओसरीत बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या, समोर पत्रावळी मांडलेल्या. मी गोणी घेऊन आळीच्या टोकाला गेले. मडकं तिथंच होतं, शिगोशीग. गोणीत ओतण्याआधी माझा हात सवयीनं तळापर्यंत गेला.

तळाशी कापड नव्हतं. दाणेच होते.