डोळ्यातलं फूल

परवा बँकेत एका बाईनं माझ्या डोळ्यांसमोर दुर्बिणीसारखं यंत्र धरलं. "काका, पापणी हलवू नका. बुबुळातल्या रेषांवरून हे माणूस ओळखते," म्हणाली. मी मनात म्हटलं, धर बाई. डोळ्यावरून माणूस ओळखायची गोष्ट मी तुझ्या जन्माआधीच शिकलो, तीही एकीचं नुकसान करून.

सत्तरच्या दशकात गांधीबागेजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंग करायचो. म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग, वण बुजवायचे. गिऱ्हाईक सांगो न सांगो, सगळ्यांना गोरंगोमटं करून सोडायचं हा आमचा शिरस्ता, आणि मला त्याचा भारी तोरा होता.

एका कापड गिरणीनं कामगारांना फोटोचे पास करायला लावले. त्यातल्या एका बाईच्या तोंडावर देवीचे वण होते आणि डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. मी वण बुजवले. प्रिंटवर काळ्या शाईचा ठिपका देऊन फूलही झाकलं.

आठवड्याभरात ती दुकानात आली. उन्हाळा होता, दुपट्ट्यानं बांधलेल्या तोंडाचे फक्त डोळे दिसत होते. जुना गेटवाला तेवढ्या फुलावरून तिला आत सोडायचा. आता नवा आला होता आणि तो पास बघायचा.

"हे बाई कोन व्हय गा भाऊ?" पास माझ्यापुढे टाकत ती म्हणाली. "तो म्हणते, ही तू नव्हं. तीन दिवस झाले, आत जाऊ देऊन नाही राहिला. उद्या नाही गेली तर माह्या जागेवर बदलीवाली बसवतीन."

मला लाज वाटली. मालक 'उद्या या' म्हणत होता, मी ऐकलं नाही. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं निगेटिव्हवरची पेन्सिल पुसली, नवा प्रिंट काढला, डोळ्याला हात लावला नाही. ओला फोटो तिनं उजेडात धरून पाहिला.

"हा. हे मी."

जुन्या फोटोची एक प्रत उरली होती. ती मी फाडायला घेतली तर तिनं हात पुढे केला.

"फाडू नको. मले दे."

"काहून? हा तर तुमचा नाही ना."

"देवी आल्या तवा मी तीन वर्साची होती. नसत्या आल्या तर कशी दिसली असती, मले कोन सांगन?"

मी दोन्ही फोटो एकाच पाकिटात घालून दिले.