खलबत्ता निघाला फुजीला

लसूण कुटायला घेतला की योकोहामातली ती सकाळ आठवते. भाड्याच्या पिकअपला ओढता येईल असाच कॅम्पिंग ट्रेलर नवऱ्याने निवडला होता, पण आमचं सामान वजनकाट्यावर ठेवल्यावर भार जास्त झाला. पुण्याहून आलेल्या माझ्या आईचा दगडी खलबत्ता त्याने ट्रेलरमधून बाहेर काढला. “आई, हा घरीच राहू द्या.” “मग चटणी कशात कुटू?” म्हणत आईने तो उचलला आणि पिकअपमध्ये मांडीवर घेऊन बसली. “ट्रेलरला जड होतो ना? मग येईल माझ्याबरोबर!” नवरा हसत सुटला. फुजीच्या पायथ्याशी त्या चटणीवर सगळ्यात जास्त ताव त्यानेच मारला. आई परत गेली, खलबत्ता इथेच ठेवून. आता सहलीला निघताना नवरा आधी त्याला सीटबेल्ट लावतो.