थांब गो जरा

शेवडे मॅडमच्या घरून निघणं हा एक कार्यक्रमच असे. पायात चपला सरकवल्या की आतून हाक यायची, “थांब गो जरा!” मग कोकमाचं सरबत, मग फणसपोळी, मग पुन्हा थांब. मांडवीतल्या त्यांच्या घरी उभ्या उभ्या डोकावलेला माणूस तासाभराने सुटे.

कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशी वाढवल्या होत्या. या पेशींचं अजून काही ठरलेलं नसतं. हृदय, मेंदू, कातडी, काहीही होऊ शकतात. “आणि व्हायची घाई केवढी मेल्यांना!” मॅडम म्हणायच्या. “एकमेकींना सारख्या ‘निघा, निघा’ असा निरोप धाडतात. म्हणून आपण बाहेरून एक प्रथिन घालायचं. ते पेशीच्या दारावर थाप मारतं नि आत निरोप पोचतो, थांब गो, एवढ्यात काही होऊ नको.”

एकदा गणपतीला घरी यायच्या गडबडीत हे प्रथिन घालायला सहकाऱ्याला सांगायचंच त्या विसरल्या. “कोकणातल्या माणसाला गणपतीत दुसरं काय सुचतंय? त्या बिचाऱ्याने पेशींना खाणं रोज दिलं, निरोप मात्र नाही. परत जाऊन बघत्ये, तर बशीत एक ठिपका धडधडतोय! हृदयाच्या पेशी झालेल्या गो! साहेब ओरडत होते नि मी आपली बघत बसल्ये.”

मॅडम निवृत्त झाल्या, गुडघ्यांनी दावा मांडला. एकट्याच राहायच्या, म्हणून मी रोज संध्याकाळी जायची. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली, तेव्हा ‘येत नाही’ असं कळवायचं मी जवळजवळ ठरवलंच. त्यांना सोडून जाणं जिवावर आलं होतं. तसं सांगितलं, तर त्या नुसत्या “हं” म्हणाल्या.

निघताना चपलेचा पट्टा मी मुद्दाम सावकाश लावला. हाक आली नाही. वळून पाहिलं, तर मॅडम दारात उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटून. डोळे तेवढे हसत होते. मला रडूच फुटलं. त्याच आठवड्यात मी बंगळुरूच्या गाडीत बसले.

आता रोज सकाळी पेशींना ते प्रथिन घालताना मी मोठ्याने म्हणते, “थांब गो जरा.” शेजारचे हसतात. आणि ज्या दिवशी पेशींना हृदय व्हायला सोडायचं असतं, त्या दिवशी मी ओठ मिटून उभी राहते.