डांबराखालची खूण

माझ्या थोरल्या भावाचा पाय सुताराच्या हलगर्जीपणामुळे गेला, असं आमच्या घरात आजही सांगतात. ते खोटं आहे, आणि ते मी पसरवलं. आता भाऊ नाही, सुतारही नाही. मी आहे तोवर हे लिहून ठेवतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पनवेलच्या खाडीलगत आमची भातशेती होती. शेणखत वाहायची एक जुनी बैलगाडी होती. खताचं पाणी झिरपून तिचा तळ कुजला होता. पावसाच्या आत सगळं खत शेतात पडायला हवं, म्हणून भाऊ मला म्हणाला, सुताराजवळ बसून गाडी नीट करून घे. मग तो चार दिवस सासुरवाडीला गेला.

सुतार म्हातारा, बोलायला तिखट. कुजलेल्या फळ्या त्याने पहारीने उपसल्या आणि खालच्या आडव्या तुळईत पटाशी खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली. त्याने गेरूने तिथे फुली मारली. जे लाकूड काढायचं त्यावर फुली, ही त्याची रीत.

"बाला, ही तुलई गेली. नुसत्या फल्या ठोकून काय उपेग नाय."

नवी तुळई ऐनाची हवी, तीही खाडीच्या चिखलात पुरून मुरवलेली, आणि तशी आणायला आठ दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. भाऊ परत येईल तेव्हा गाडी उभीच दिसली, तर तो चारचौघांत माझी अक्कल काढणार. मी सुताराला म्हटलं, फळ्या ठोक, तुळईचं पावसानंतर बघू. तो नाही नाही म्हणत ठोकून गेला. मग मी खाडीतल्या मचव्यांच्या, म्हणजे होड्यांच्या, तळाला लावतात ते डांबर आणलं आणि तुळईला फासलं. फुली झाकली गेली.

भाऊ आला, गाडीभोवती फिरला, खूश झाला. तिसऱ्या खेपेला बांधावरून शेतात उतरताना तुळई मोडली. खतासकट गाडी पुढे कलली, बैल उधळले, आणि खाली पडलेल्या भावाच्या नडगीवरून चाक गेलं. हाड बाहेर आलं होतं. त्याला उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून पनवेलला नेताना त्याने मला एकच विचारलं, तुळई कोणी बघितली होती. मी म्हणालो, सुताराने. चांगली आहे म्हणाला.

पाय गुडघ्याखाली कापला. त्या दिवशी मी गाडीचा खुंटा उपटला आणि सुताराच्या पडवीत गेलो. चार शेजारी मागे होते. त्याच्या पाठीत पहिला घाव घातला तेव्हा तो वाकस घेऊन लाकूड तासत होता. तो पडला, मी मारत राहिलो. कोणी अडवलं नाही.

तोंडातलं रक्त थुंकून तो त्या चौघांना म्हणाला, "तुलईवर माझी गेरूची फुली हाय. जाऊन बघा."

मग त्याने उजवा हात माझ्याकडे केला. "याला ठाव हाय."

त्या हातावर मी खुंटा घातला. मनगट मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. तो गप्प व्हावा एवढंच मला हवं होतं, आणि तो झाला.

चौघे खरंच गाडी बघायला गेले. तुळई काळीकुळकुळीत होती. म्हातारा खोटंही बोलतो, असं गावात झालं. तो हात पुन्हा वाकस धरू शकला नाही. पावसाआधी तो बायकोला घेऊन कुठेतरी गेला.

त्यानंतर आसपासचा एकही सुतार आमच्या गाडीला हात लावेना. तुळई मलाच काढावी लागली. कोयत्याने डांबर खरवडलं तर खाली फुली होती. पोकळ लाकडात गेरू मुरला होता.

ती तुळई मी फोडून न्हाणीच्या चुलीत घातली. डांबरामुळे ती भडकून पेटली. पाणी कढत झालं, आणि भावाला मांडीवर रेलवून, त्याचा तो कापलेला पाय सांभाळत, मी त्याला अंघोळ घातली. पाणी छान तापलंय, असं तो म्हणाला.