सोबतची नळी

माझ्या लेकीच्या पांढऱ्या पेशींवर सायटोकाइनचे, म्हणजे शरीरातले निरोप झेलणारे, रिसेप्टर किती आहेत हे दर काही महिन्यांनी मोजावं लागतं. तुलनेसाठी तिच्या नळीसोबत एका निरोगी माणसाच्या रक्ताची नळी जाते. तो माणूस नात्यातला चालत नाही.

जालन्याच्या लॅबमध्ये मी बाकावरच्या दोघांना विचारलं. त्यांनी माना फिरवल्या. कोपऱ्यातला टोपीवाला मात्र बाही वर सारू लागला. त्याचे धुळीनं भरलेले पाय बघून मी सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्हाला काही रोगबिग नाही ना?"

"न्हाई ताई," तो म्हणाला, "घरात एकाला तरी धड राहावंच लागतं."

मला गंमत वाटली. मी हसले.

रक्त देऊन तो कापूस दाबत बसला होता, तेवढ्यात आतून एक बाई भिंत धरत धरत बाहेर आली. त्यानं कापूस पटकन खिशात टाकला, बाही खाली ओढली, आणि तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"चाल दमानं. जाफराबादची गाडी हाय अजून."

माझं मघाचं हसू कुठं लपवावं, मला कळेना.