बायकोनं माझं विमान पाडलं

मंडळी, आज दुपारी आपल्या विमानांच्या लढाईच्या गेममध्ये बायकोनं मला पाडलं. मी दोन वर्षं खेळतोय. ती गेल्या आठवड्यात शिकली, तेही माझ्याकडनंच!

ती मागं लागली तसा मी फुल्ल स्पीडमध्ये वळलो. कोल्हापुरी माणूस स्पीड कमी करतोय व्हय? विमान लांबलचक गोल फिरत गेलं. तिनं वळायच्या आधी स्पीड कमी केला, आतनं छोटं वळण घेतलं आणि थेट माझ्या शेपटीवर आली. धडाम!

वर म्हणते कशी, "गगनबावड्याच्या घाटात तुम्हांस्नी हेच बोंबलून सांगायला लागतंय की! वळायच्या आधी पाय काढा एक्सिलेटरवरनं."

जेवण गोड लागलं न्हाय बघा.

त्यात तुम्ही! रोज विचारायचा, "दादा, येताय काय?" आज संध्याकाळी गेममधला स्कोअर बघून तुमच्यातल्या तिघांचा एकच मेसेज, "वहिनी हायत काय?"

तिघांनाबी कळवलंय, ती माहेरी गेलीया. खरं तर ती शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून तुमचीच वाट बघतीया.

खरं सांगा, ती नसली तर माझ्याबरोबर कोण खेळणार हाय काय?